हासूबायची भिंत

खाडीवर अजून पूल झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मिठागराकाठच्या कोळीवाड्यात हासूबाय नावाची हाडवैद्यीण राहायची. तिच्या बोटांना हाड आतून दिसायचं, असं म्हणतात.

त्याच वाड्यात डोमा होता. त्याने हवेत भिरकावलेलं जाळं पाण्यावर पुनवेच्या चंद्रासारखं गोल उघडायचं. पण एका वर्षी त्याचा उजवा खांदा धरला. आधी दुखून झोप उडाली, मग हात छातीच्या वर जाईना. सदरा घालायलाही बायको लागायची.

होडी डोमाची आणि चुलतभाऊ पदूची, दोघांची. पदू म्हणाला, "पुढल्या नारळी पुनवेला पहिलं जाळं तू टाकलं नाहीस, तर होडी माझी." आणि खांदा सुटावा म्हणून त्यानेच डोमाला खांबाला बांधून हात ओढला. डोमाची किंकाळी पलीकडच्या काठावर ऐकू गेली. हात होता त्याहून खाली आला. ओढल्याने खांदा सुटतो असं पहिल्यांदा ज्याने सांगितलं, त्याचाच हात असा ओढायला हवा होता!

मग डोमा हासूबायकडे गेला. तिने आधी विचारलं, "पडलास का? ताप येतो का? छातीत दाबतं का?" एकालाही हो म्हटलं, तर ती हात लावत नसे, सरळ बंदरावरच्या डॉक्टरकडे धाडायची. डोमा नाही म्हणाला. तेव्हा तिने गरम मिठाच्या पुरचुंडीने खांदा शेकला, हात हळूहळू फिरवला, आणि ती म्हणाली, "आता बोटांनी भिंत चढ."

"भित चढायला मी पाल हाय का, गो बाय?"

"पालच हो रं. पालीचा खांदा धरलेला बघितलायस कधी?"

बोटं थांबली तिथे तिने गेरूची रेघ ओढली, आणि जाळं टाकायला हात जितका वर जायला हवा, तिथे एक शेवटची. दुसऱ्या दिवशी रेघेला शिवायचं, जमलं तर बोटभर वर जायचं. पदू येता-जाता हसायचा. डोमा चढत राहिला. रेघा वर सरकत गेल्या.

नारळी पुनवेच्या सकाळी शेवटची रेघ तरी हातभर उंच राहिली. हासूबायने भिंतीवर तळवा टेकला. "बये, यानं वर्षभर चढून दाखवलं. तू एकदा वाक." आणि भिंत वाकली, असं म्हणतात. रेघ डोमाच्या बोटांखाली आली. त्या दिवशी त्याचं जाळं असं उघडलं, की अख्खी खाडी त्यात मावली.

पदू म्हणाला, "भित वाकली, तशी होडी पण जरा माझ्याकडं वाकंल काय?"

"वल्हं मार," डोमा म्हणाला.

हासूबायचं घर आता नाही, भिंत आहे. नारळी पुनवेला पहिलं जाळं पडण्याआधी सगळा वाडा तिच्यावर बोटं चढवतो. कुणाची बोटं अडली तर शेजारी तेच तीन प्रश्न विचारतो आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जातो. आणि कुणी त्याचा हात ओढायला पुढे झालाच, तर कोळणी टोपल्या खाली ठेवून त्याच्या अंगावर जातात.