अर्धा फेरा मागे

"आणि दुसरं?" दातीरने विचारलं.

गव्हाणकर सरांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. एक घोट घेतला...

"पहिलं तुझं," ते म्हणाले.

"ते कळलं, सर. दुसरं कुणाचं?"

"तुस्कानोचं."

दातीरला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. डिझेल इंजिनांशेजारी वर्षं काढलेल्या माणसाला असं वाटून घेण्याची सोय असते. पण त्या दुपारी दोन्ही यंत्रं बंद होती आणि शब्द स्वच्छ ऐकू आला होता.

समुद्राकाठच्या त्या अणुवीज केंद्रात दोन डिझेल जनरेटर होते. एक भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे. भिंत इतकी जाड की एका खोलीला आग लागली तर दुसऱ्या खोलीला ती बातमी म्हणूनच कळावी.

बाहेरून येणारी वीज गेली तर अणुभट्टी बंद करता येते. तिच्या पोटातली धग मात्र बटण दाबून बंद होत नाही. ती सावकाश निवते, आणि निवेपर्यंत तिच्यावरून पाणी फिरवत राहावं लागतं. पाण्याला पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि ती वीज या दोन यंत्रांनी द्यायची. पहिलं सुरू झालं नाही तर दुसऱ्याने. दुसरंही झालं नाही तर...

हे वाक्य केंद्रात कुणी पूर्ण करत नसे.

एरवी ती दोघं काहीच करत नसत. त्यांचं तेल कोमट ठेवायचं, पाणी कोमट ठेवायचं, अंग पुसायचं, ठरल्या दिवशी थोडं चालवून बघायचं. जावयाची एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही. अर्थात जावयाकडून एवढी अपेक्षाही कुणी करत नाही.

या दोघांची जबाबदारी गव्हाणकर सरांकडे होती. चालू इंजिनावर हात ठेवून, डोळे मिटून ते उभे राहायचे, म्हणून माघारी त्यांना सगळे बुवा म्हणत. बुवांना ते ठाऊक होतं. नारळ कुणी आणत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

दातीर त्यांचा शिष्य. तोही इंजिनिअर, आणि हुशार. सरांसारखी मान तिरकी करून इंजिन ऐकायचा, सरांसारखा खांद्यावर पंचा टाकायचा. सरांना दमा होता. दातीरला नव्हता, पण खोकला त्याने उचलला होता. कॅन्टीनमध्ये म्हणत, बुवा गेले तरी खोकला इथंच राहणार.

बुवा महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. दोन्ही यंत्रांना मिळून एकच माणूस नेमावा, असं कार्यालयाच्या मनात होतं. एक जागा वाचवणारी कोणतीही कल्पना कार्यालयाला आवडतेच. तो एक माणूस दातीर, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दातीरने तर कधीच. गावी वडिलांना कळवूनसुद्धा झालं होतं, आणि वडिलांनी साऱ्या आळीला.

आणि आता मध्येच हा तुस्कानो.

तुस्कानो वसईचा. आधी बोटीवर इंजिनिअर होता, केंद्रात अलीकडेच आलेला. आल्यापासून दुसऱ्या यंत्राची रोजची देखभाल त्याच्याकडे होती, पहिल्याची दातीरकडे. काम करताना शीळ घालायचा. सरांचं सगळं मन लावून ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "बोटीवर आम्ही असं नाय करत, साहेब." दातीरला त्या बोटीचा तिटकारा आला होता. ती अजून बुडाली कशी नाही, हे त्याला कळत नसे.

"सर, तो तुमच्या पद्धतीने काम करत नाही."

"नाही करत."

"तुम्ही सांगता ते मानत नाही."

"नाही मानत."

"माझ्या कामात काही खोट आहे का?"

"तुझ्याइतका चांगला हात या केंद्रात दुसरा नाही."

"मग दुसऱ्या यंत्राला तो हात का नको?"

सरांनी कपबशी विसळली. पालथी घातली...

दुसरा एखादा माणूस इथे उठून गेला असता. दातीर उठला नाही. तो हट्टावर इथवर आलेला होता आणि हट्ट सोडायला ही जागा त्याला योग्य वाटत नव्हती. त्याने सरांना सरळ सांगितलं की दोन्ही यंत्रं तपासा. ज्याच्या यंत्रात खोट निघेल, त्याने आपलं यंत्र दुसऱ्याच्या स्वाधीन करावं. खोट माझ्याकडे निघाली तर मी पहिलंही सोडतो.

"कबूल," ते म्हणाले. "पण तपासणार मी नाही. तू त्याचं बघ. तो तुझं बघेल."

दातीरला याहून गोड काही ऐकवणं शक्य नव्हतं.

यंत्रं एकेक करूनच हाताळता येत, म्हणून आधी तुस्कानोच्या यंत्राची पाळी आली. ऑडिटला आलेल्या माणसाला पहिली चूक सापडेपर्यंत चहा गोड लागत नाही. दातीरने चहा घेतलाच नाही. तेल पाहिलं, गाळण्या पाहिल्या, पट्टे दाबून पाहिले, इंजिनाच्या पोटाखाली उताणा पडून पाहिलं. सगळं जागच्या जागी. माणूस शीळ घालतो म्हणून काम वाईट करत असेल, हा हिशेब चुकला होता. दातीर चिडला आणि आणखी बारकाईने बघू लागला.

शेवटी तो हवेच्या टाकीपाशी आला.

ही इंजिनं हवेने उठतात. दाबून भरलेली हवा टाकीतून सुटते, इंजिनाला ढकलते, आणि ते चालू होतं. टाकीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो. तो कायम उघडा ठेवायचा, पण प्रसंगी बंदही करता आला पाहिजे.

दातीरने चाकाला हात घातला. चाक हललं नाही. दोन्ही हात घातले. मग तो चाकाला अक्षरशः लटकला. खांद्यातून कळ आली, चाक तसंच.

तुस्कानोने व्हॉल्व्ह पार शेवटपर्यंत उघडून ठेवला होता आणि तो तिथेच रुतून बसला होता.

दातीर सरांना बोलवायला गेला तो चालत गेला नाही. सर आले. त्यांनी चाक ओढून पाहिलं. तुस्कानो आला, त्यानेही पाहिलं. त्याची शीळ थांबली.

दातीरने शांतपणे विचारलं की उद्या नळी फुटली तर टाकी बंद कशी करणार? सरांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं त्याने म्हणून दाखवलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि अर्धा फेरा मागे आणायचा. म्हणजे चाक कधी रुतत नाही.

तुस्कानोने चाकाकडे पाहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

दातीरचा अर्धा आनंद तिथेच गेला. त्याने पुढच्या वादाची चांगली तयारी केली होती.

तुस्कानोने मोठा पाना आणून व्हॉल्व्ह सोडवला, तेल घातलं, यंत्र पुन्हा तयार झालं. मग दातीरच्या यंत्राची पाळी आली.

तुस्कानोने कशालाच हात लावला नाही. एक स्टूल आणलं आणि तो बसून राहिला. कोपऱ्यात टाकीत हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर होता. तो चालू झाला. थांबला. थोड्या वेळाने पुन्हा चालू झाला. पुन्हा थांबला... दातीरने सरांकडे पाहून भुवया उडवल्या. सरांनी न पाहिल्यासारखं केलं.

तुस्कानो उठून क्वार्टरवर गेला आणि परत आला तो दाढीचा मग आणि ब्रश घेऊन.

"दाढी करायची राहिली का?" दातीरने विचारलं.

तुस्कानोने ब्रशने फेस केला आणि दातीरच्या व्हॉल्व्हच्या दांड्याला, जिथून दांडा बाहेर येतो त्या जागी, गोल लावला.

तिघं बघत राहिले.

फेसात एक बुडबुडा फुगला. सावकाश मोठा झाला. फुटला. त्याच जागी दुसरा आला.

तुस्कानोने समजावलं ते थोडक्यात असं. हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आतला दांडा वरच्या बाजूला घट्ट बसतो आणि हवेची वाट बुजवतो. अर्धा फेरा मागे आणला की ती वाट मोकळी होते. मग हवा अडवायला दांड्याभोवती ठासलेलं पॅकिंग तेवढं उरतं, आणि पॅकिंग जुनं झालं की हवा झिरपते.

"झिरपली तर झिरपली," दातीर म्हणाला. "काटा बघ. दाब पुरा आहे. कॉम्प्रेसर भरून काढतो ना."

"कॉम्प्रेसर चालतो कशावर?"

"बाहेरच्या विज..."

दातीरने आपलंच उत्तर ऐकलं.

बाहेरची वीज गेली की कॉम्प्रेसर बंद. मग भरून काढणारं कुणी नाही. इंजिन एकदा उठलं असतं. पण काही कारणाने थांबून पुन्हा उठवायची वेळ आली असती, तर तोवर टाकी रिकामी झालेली असती. एरवी कधीही पाहा, काटा जागेवर. खोट दिसली असती ती फक्त त्याच दिवशी, ज्या दिवसासाठी यंत्र ठेवलं होतं.

"हे मला सरांनी शिकवलंय," दातीर म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि तो परत गिळता आला तर बरं, असं त्याला झालं.

सर पंचा सावरत उकिडवे बसले. बुडबुड्याकडे पाहत राहिले. मग चाकाला हात घालून त्यांनी व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडला. बुडबुडे थांबले. अर्धा फेरा मागे आणला. बुडबुडा आला. पुन्हा उघडला. पुन्हा मागे आणला...

"तुस्कानो येण्याआधी दोन्ही खोल्यांत असंच होतं," ते म्हणाले. "दोन्ही टाक्या एकाच वेळी रिकाम्या झाल्या असत्या."

"पण काही झालं नाही, सर."

"नाही झालं."

एवढं बोलून ते खोकले. या वेळी दातीर खोकला नाही.

पॅकिंग दातीरने स्वतः बदललं. कुणाला हात लावू दिला नाही. नवं बसवल्यावर त्याने तुस्कानोकडून ब्रश मागून घेतला, फेस लावला आणि गुडघ्यांवर बसून राहिला. एकही बुडबुडा आला नाही तरी उठला नाही. शर्त त्याच्या लक्षात होती. तो यंत्र सोडायला तयार होता, पण झिरपतं यंत्र सोडून जायला तयार नव्हता.

उठला तेव्हा त्याने सरांना विचारलं की आता शर्तीचं काय. खोट दोघांकडे निघाली. शब्दाप्रमाणे दोघांनी आपापलं यंत्र दुसऱ्याला द्यायचं, म्हणजे नुसती अदलाबदल. तेवढी तर कार्यालयसुद्धा करू शकतं.

सर हसले. पहिलं तुझं, दुसरं त्याचं, असंच राहू दे, म्हणाले. कार्यालयाला एकाऐवजी दोन नावं जातील. कार्यालय रागावेल आणि निवृत्त माणसाचं काही करता येत नाही, हे त्याच्या लक्षात येईल.

दातीरने मान हलवली. पण तो दातीर होता.

"सर, एक ऐका. त्याची चूक मला कळली. माझीही कळली. आता मी दोन्ही यंत्रं चोख ठेवीन. आता तरी द्या."

"दोन कळल्या," सर म्हणाले. "तिसरी?"

"तिसरी कुठली?"

"माझ्याकडून तुझ्याकडे आलेली. अजून न सापडलेली."

दातीरने शिकलेलं सगळं मनात चाळून पाहिलं. सगळंच बरोबर वाटत होतं. अर्धा फेराही कालपर्यंत बरोबरच वाटत होता.

दुसरं यंत्र मिळणार नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. वडिलांना काय सांगायचं, ते मात्र कळलं नाही.

तेवढ्यात तुस्कानो पुढे आला. हातात दाढीचा मग तसाच होता. आल्यापासून पहिल्यांदाच तो अडखळत बोलला. त्याचं म्हणणं असं की साहेब, महिनाअखेरीला अजून अवकाश आहे. मी आजवर उगाच बोटीच्या गोष्टी सांगत राहिलो. इंजिनावर हात ठेवून तुम्हाला काय कळतं, मान तिरकी करून काय ऐकता, ते मलाही पाहिजे.

"मलाही शिकवा, साहेब. यांना शिकवलं तसं. सगळं."

दातीर चकित झाला. मग त्याला बरं वाटलं. आणि मग, स्वभावाला औषध नाही म्हणून, त्याला त्यात दुसऱ्या यंत्रापर्यंतची वाटही दिसली. पण या वेळी तो जे बोलला ते मनापासून बोलला.

"शिकवा, सर. तुम्हाला वेळ पुरला नाही तर उरलेलं मी शिकवतो. तुम्ही गेल्यावरही दोन्ही खोल्यांत एकच पद्धत राहील. तुमची."

सर उठले. त्यांनी तुस्कानोच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला तसंच चालवत दारापर्यंत नेलं, मगसकट बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर पावलं पलीकडच्या खोलीकडे गेली.

"सर..." दातीर म्हणाला. "तो शिकायला आला होता."

"हो."

"मग त्याला हाकललंत का?"

सरांनी खांद्यावरचा पंचा काढला. हाताला लागलेला साबण सावकाश पुसला...

"दातीर, आपल्याकडे यंत्रं किती?"

"दोन, सर."

"त्याला शिकवलं की एकच उरेल."