धाकू तांडेलाने दर्याला गप्प केलं त्याची गोष्ट

किती वर्षं झाली ते विचारू नका. कासवखोलच्या किनाऱ्यावरचे म्हातारे माड तेव्हा रोपं होते, एवढं जुनं आहे हे.

कासवखोलची माणसं रापण ओढायची. रापण म्हणजे सगळ्या गावाने मिळून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात गोल सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची, आणि जे गावेल त्याचे घरागणिक वाटे करायचे. या रापणीचा म्होरक्या होता धाकू तांडेल. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की त्याने हाक मारली की पलीकडच्या गावचे कुत्रे भुंकायचे, असं म्हणतात.

आणि रापणीचा डोळा होता बाबल. मोठ्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या उंच कातळावर, उभा राहून तो पाण्याचा रंग बघायचा. माशांचा थवा दिसला की लाल फडकं हलवायचा. बाबलचं फडकं हललं आणि जाळं रिकामं आलं, असं कधी झालंच नाही. धाकूचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव.

पण जीव असला म्हणून काय झालं? ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे धाकूला कुठे ठाऊक! जाळं फाटलं, बोलवा बाबलला. होडी गळते, बोलवा बाबलला. कुणाकुणाचं भांडण लागलं, तरी बाबलच. आणि पहाट झाली की पुन्हा खडपावर बाबल. बिचारा कधी नाही म्हणाला नाही.

एकदा बाबलची बायको चंपा धाकूला म्हणाली, "काकानू, तुमी तेका शाबासकी देतास. झोप कधी देतलास?"

धाकू खदखदा हसला आणि तिच्या टोपलीत दोन वाटे जास्त टाकले. बाबलला काय कमी पडतंय ते आपल्याला कळलं, असं वाटलं त्याला.

मग एका सकाळी नवल झालं. खडपाच्या पायथ्याशी बांगड्यांचा एवढा थवा आला की पाणी काळं पडलं, वर पक्ष्यांचा नुसता कालवा. आणि बाबल उघड्या डोळ्यांनी उभाच. फडकं हललंच नाही. थवा आला तसा निघून गेला. बाबल खाली उतरला आणि फडकं धाकूच्या पायाशी ठेवलं.

"माका आता दर्या दिसना नाय, काकानू. नुसता पाणी दिसता. मी बहिणीकडे घाटावर जातंय."

धाकूला राग आला. एवढं दिलं, आणि हा निघाला! "नुसतं उभं तर राहायचं असतं," म्हणत दुसऱ्या दिवशी तो स्वतःच खडपावर चढला. ऊन डोक्यावर आलं तसा समुद्र चकाकायला लागला आणि धाकूला जिथेतिथे मासेच दिसायला लागले. त्याने ढगाच्या सावलीला फडकं हलवलं, होडी धावली, जाळ्यात आली वाळू. संध्याकाळी तो खाली आला तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. उन्हाने लागल्या की कशाने, ते त्याचं त्यालाच माहीत.

तसाच तो बाबलच्या दारात गेला. दाराशी गाठोडं बांधलेलं होतं.

"निजलो काय तो?" त्याने चंपाला विचारलं.

"निजतलो खयसून? डोळो मिटलो की तुमचीच हाक ऐकू येता तेका."

धाकू पायरीवर टेकला. ज्या आवाजाचा आयुष्यभर तोरा मिरवला, तो आवाज माणसाची झोप खात होता. "गाठोडा असूंदे तसाच," तो हळू बोलला. "जावचा तर खुशाल जावंदे. पण आधी निजांदे. मी आसंय हय."

आणि तो पायरीवरच बसला. कुणी बाबलला बोलवायला आलं की तोंडावर बोट ठेवून परत पाठवायचा. आत बाबलचा नुकता कुठे डोळा लागला, तेवढ्यात भरतीच्या लाटा आदळायला लागल्या. धाकू उठला, किनाऱ्यावर गेला, हात वर केला आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजला, "गप रव रे. माझो बाबल निजलो हा."

दर्या गप्प झाला, असं म्हणतात. लाटा यायच्या, वाळूवर टेकायच्या, पण आवाज नाही. गाव सुकी मासळी खात राहिलं, बाबल झोपत राहिला. किती दिवस ते कुणी मोजलं नाही. मग एका सकाळी तो जांभई देत दारात आला, समुद्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काकानू, तारली मासळी इली हा. तुमका दिसना नाय?"

गाठोडं चंपानेच सोडलं.

त्यानंतर बाबलने चारचौघांना पाणी वाचायला शिकवलं आणि खडपावर पाळी लागली. धाकूही पाळी घ्यायचा. त्याच्या पाळीच्या दिवशी बायका मासळीची आशा सोडून सकाळीच कुळथाची पिठी शिजवून ठेवायच्या!

आजही कासवखोलला रापण ओढली की पहिला वाटा कामावर आलेल्याचा नसतो. ज्याची विसाव्याची पाळी असते, त्याच्या घरी तो आधी जातो. त्याला म्हणतात धाकूचा वाटा. टोपली पायरीवर ठेवायची, कडी वाजवायची नाही, हाक मारायची नाही. आणि परतताना समुद्राकडे बघून हळूच म्हणायचं, "गप रव रे. आमचो माणूस निजलो हा."

आता दर्या ऐकतो की नाही, देव जाणे. पण तेवढा वेळ सगळं गाव मात्र हळू बोलतं.