उघड्या तोंडांची टेकडी

"हिला विचारायचं काय त्यात? ती कुठं काय बोलते?" सासूबाई श्रीरंगला सांगत होत्या. "दहा तारखेला आमच्याबरोबर सांगलीला नेतो. माझे गुडघे हे असे. तुझं इथं जपानात बस्तान बसलं की धाडू परत."

मी चार तिकिटं घेऊन एका खांबाआड उभी होते. श्रीरंग, माझा पाच महिन्यांचा नवरा, "हं" म्हणाला. त्या "हं"चा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. जपानी त्यामानानं सोपं गेलं.

समोर टेकडी होती. खरं तर ती दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका सरदाराची समाधी. भोवती पाण्यानं भरलेला खंदक, माथ्यावर दाट झाडी, आणि उतारावर रांगेनं उभ्या मातीच्या पोकळ मूर्ती, कमरेएवढ्या. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, आणि प्रत्येकीचं तोंड उघडं. ती दाखवणारे कुसाका आजोबा याच गावचे, ऐंशीच्या घरातले. ते जपानीत सांगायचे आणि मी मराठीत, कारण चौघांत जपानी मलाच येते.

"रोलर नसताना एवढा भराव!" पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे सासरे, अण्णा, म्हणाले.

"आणि ही सगळी बोंबलतायत कशाला?" सासूबाईंनी विचारलं. मी ते जरा सौम्य करून पुढं पोचवलं. आजोबांनी टोपी काढून हातात घेतली आणि गोष्ट सुरू केली.

फार पूर्वी या खोऱ्याचा सरदार वारला. तेव्हाची रीत अशी, म्हणे, की धन्याबरोबर घरातलं एक माणूस जिवंत पुरायचं. तिकडे सेवेला कुणीतरी हवं. वडीलधारी बसली आणि त्यांनी धाकट्या सुनेचं नाव काढलं. ती नदीपलीकडच्या कुंभारांच्या गावातून तीनच महिन्यांपूर्वी आलेली. तिच्यासाठी रडणारं या तीरावर कुणी नव्हतं. तिचं नावही उरलेलं नाही. गाव तिला नुसतं 'पलीकडची' म्हणतं.

ती रडली नाही. म्हणाली, "एकीच्या बदल्यात वीस देते. मातीच्या. न थकणाऱ्या, न जेवणाऱ्या. पुरायला दोन महिने आहेत. तेवढ्यात उभ्या केल्या तर मला सोडा." वडीलधाऱ्यांनी मानलं, पण अट घातली: मूर्तींचे डोळे आणि तोंडं मिटलेली हवीत. धन्यापुढं सेवकानं नजर वर करायची नाही, तोंड उघडायचं नाही.

पोकळ मूर्ती भाजताना आतल्या वाफेला वाट ठेवावी लागते, हे तिनं सांगून पाहिलं. कुंभाराच्या घरात हे पोरांनाही कळतं. सरदाराच्या घरात ऐकतं कोण? तिनं मिटल्या डोळ्यांच्या, मिटल्या तोंडांच्या वीस मूर्ती घडवल्या. सकाळी भट्टी पेटली आणि दुपारपर्यंत एकूणएक फुटली. आवाज थेट नदीपर्यंत गेला, असं सांगतात. "बघा, त्यांना माणूसच हवंय," वडीलधारी म्हणाली, आणि खड्डा खणायला घेतला.

उरले तीन आठवडे. ती पुन्हा मातीत उतरली. बोटांची सालं निघाली. या खेपेला बांबूच्या सुरीनं तिनं प्रत्येक मूर्तीचे डोळे कोरले आणि तोंडही, कुणाला न विचारता.

थोरली जाऊ घाबरली. "अगं, अट मोडलीस! आता नक्की पुरतील तुला."

"पाळली तेव्हा तरी सोडत होते का?" ती म्हणाली आणि पुढचं तोंड कोरायला घेतलं.

भट्टी उघडली तेव्हा वीसच्या वीस धड होत्या. तिनं त्या स्वतः उतारावर मांडल्या. वडीलधारी जाब विचारायला आली, तोच शेतांवरून वारा सुटला आणि वीस तोंडांतून एकदम 'हूऽऽ' असा आवाज निघाला. चुलतसासरा पांढराफटक पडला. "काय म्हणतायत या?"

"धन्याला सांगतायत," ती म्हणाली, "की आम्ही आलोय, आता आणखी कुणी नको."

हे खोटं आहे असं म्हणायची छाती कुणाची झाली नाही. तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात फुटक्या मूर्तींची खापरं भरली गेली. पुढं त्या घरात जिवंत माणूस कधी पुरलं नाही, म्हणे.

आजही दर वर्षी इथं एक नवी मूर्ती बसते आणि गावात सगळ्यात शेवटी लग्न होऊन आलेली मुलगी तिचं तोंड कोरते. ते केवढं असावं हे तिचं तिनं ठरवायचं. वडीलधाऱ्यांनी तेव्हा जवळ उभंही राहायचं नाही. "गेल्या वर्षीची आमच्या नातसुनेची," आजोबांनी बोट दाखवलं. त्या मूर्तीला तोंडाखेरीज फारसा चेहराच उरला नव्हता. "तेव्हापासून घरात मी जपून असतो."

अण्णा मोठ्यानं हसले. श्रीरंग मूर्तीकडे बघत राहिला. आजोबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

"आणखी काही म्हणाले का गं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, त्यांचं झालं. आता मी बोलतेय," मी म्हणाले. "आई, दहा तारखेला मी तुम्हाला विमानतळावर सोडायला येईन. आणि संध्याकाळच्या गाडीनं इथल्या माझ्या घरी परत येईन."