दोर काप

फार पूर्वी शूर्पारक बंदरात एक वृद्ध राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्वांनी तिथल्या एका साखरेच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्यांचं नाव भद्रिल. त्यांच्या भिंतीला भिंत लागून उत्पला राहायची. त्यांच्याच साखरेची खाजी करून ती विकायची, आणि गल्लीत कोणाकडे काय शिजणार हे तिला चूल पेटायच्या आधी ठाऊक असायचं.

एका सकाळी ती विहिरीवर गेली, तर पलीकडच्या अंगाला दोघी बोलत होत्या.

"आधी परतलेल्या गलबतावरच्या खलाशाच्या बायकोनंच सांगितलं गं. भद्रिलशेठांनी गलबतातली सगळी साखर समुद्रात ओतली. आणि तिकडं बेटावर म्हणे स्वतःचा उजवा हात…"

तेवढ्यात बोलणारीला उत्पला दिसली आणि तिनं जीभ चावली.

"उजवा हात काय?" उत्पलेनं विचारलं.

"काही नाही हो, वहिनी. तुमचा घडा वाहतोय बघा."

त्या दिवशी उत्पलेची खाजी दोनदा करपली. गलबताला दोन महिने उशीर झाला होता. भद्रिल तिला सख्ख्या दिरासारखे. अर्धी बातमी म्हणजे घशात अडकलेलं माशाचं हाड, गिळवत नाही आणि थुंकवत नाही.

बेटावर घडलं होतं ते असं.

दक्षिणेच्या समुद्रातलं ते बेट बंदरोबंदरीच्या व्यापाऱ्यांनी मिळून बळकावलं होतं. जंगल तोडून तिथं ऊस लावला. ऊस कष्ट मागतो, म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावरची माणसं गलबतात कोंबून आणली. विकत घेतलेला बैल आणि विकत घेतलेला माणूस यांत बेटावर एवढाच फरक होता, की बैलाला दुपारी सोडत. साखर शूर्पारकला यायची, पांढरी, स्वच्छ, आणि कोणी काही विचारायचं नाही. भद्रिलांनीही दहा वर्षं विचारलं नव्हतं. त्या वर्षी मात्र त्यांचा जुना तांडेल आजारी पडला, म्हणून ते स्वतः गलबतावर चढले.

मळ्याचा मालक गोमिक. त्यानं पाहुण्याचं मोठं स्वागत केलं आणि माल चढत होता तेव्हा कौतुकानं आपलं गुऱ्हाळ दाखवायला नेलं. चार बैल दोराला जुंपलेले, गोल फिरताहेत. मधे चरकाचे लाकडी रूळ. रूळांपाशी बसून येली नावाची तरुण मुलगी ऊस घालत होती. तिच्या मागं तिची थोरली बहीण कोंदा उभी होती. कोंदाला डावा हात कोपरापासून नव्हता. उजव्या हातात कुऱ्हाड होती.

त्या कुऱ्हाडीला धार अशी, की तिच्यात तोंड दिसावं. भद्रिलांना नवल वाटलं.

"बाई, ऊस तर शेतात तोडतात. इथं कुऱ्हाड कशाला?"

"उसासाठी नाही, शेठ. आमच्यासाठी," कोंदा म्हणाली. "डोळा लागला की बोट रुळात जातं. बोटामागं हात, हातामागं माणूस. म्हणून मधेच तोडायचं. ज्यानं माझा तोडला, तो म्हातारा मेला. हिच्यासाठी मी आहे. परक्याचा घाव चुकला तर?"

येलीची मान पेंगून खाली आली. कोंदानं तिला गुडघ्यानं ढोसलं. "ऊठ, महाराणी! तीन दिवस जागलीस, आज संध्याकाळपर्यंत जाग." हसण्यावारी बोलली, पण कुऱ्हाड तिनं खाली ठेवली नाही.

भद्रिल गोमिकाकडं वळले. "बैल थांबवत का नाही? दोर कापला की चरक उभा राहील."

"शेठ, रस थांबला की चुलाणावरची रसाची काहील करपते. अख्खी काहील! दोर कापणाऱ्याला इथं पाठ सोलेपर्यंत फटके आहेत. हाताचं काय, दुसरा माणूस बसवता येतो." गोमिक समजावणीच्या सुरात म्हणाला. "आणि रागावू नका, पण गोड तर तुम्हीच मागता."

हे शेवटचं वाक्य भद्रिलांना लागलं, कारण ते खरं होतं. दहा वर्षं आपण साखरेचा रंग पाहिला, दाणा पाहिला, चव पाहिली, आणि ही कुऱ्हाड पाहिली नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"मग घटकाभर मी बसतो," ते म्हणाले. "तिला झोपू द्या."

गोमिकाला हसू आवरेना. "बसा, बसा! गावी जाऊन सांगा, गोमिकाचा ऊस हातानं घातला म्हणून."

येली चिपाडांच्या ढिगावर पडली ती पडल्याबरोबर झोपली. भद्रिल ऊस घालू लागले. व्यापाऱ्याचा हात तो! कांडं वळलं आणि डाव्या हाताची दोन बोटं रुळात गेली. बैल चालतच होते. भद्रिलांचं तोंड पांढरं पडलं, पण आवाज हलला नाही.

"कोंदा, रीत काय आहे?"

कोंदानं कुऱ्हाड उचलली.

"नको!" गोमिक किंचाळला. शूर्पारकच्या शेठचा हात आपल्या गुऱ्हाळात तुटला हे राजाला कळलं तर काय होईल, ते त्याला लख्ख दिसलं. "वेडी आहेस का? दोर काप! दोर!"

कोंदा वळली आणि सारं बळ लावून तिनं दोरावर घाव घातला. बैल चार पावलं पुढं जाऊन मोकळे उभे राहिले. चरक थांबला. काहील करपल्याचा वास सुटला. त्या गुऱ्हाळात कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा पाखरांचा आवाज ऐकू आला.

चुलाणाजवळची, शेतातली, सगळी माणसं दारात जमली होती. मालकाचे शब्द सगळ्यांनी ऐकले होते.

भद्रिलांनी उपरण्यात हात गुंडाळला. "दोर कापता येतो तर, गोमिक."

यजमानाच्या घरी पाहुण्याचं रक्त सांडलं तर पाहुणा मागेल ते द्यायचं, ही दर्यावर्दी व्यापाऱ्यांची जुनी रीत होती. "मागा, शेठ," गोमिक पुटपुटला.

"या चरकावरची सगळी माणसं."

माणसं आणि माल दोन्ही गलबताला पेलेनात. नव्या तांडेलानं विचारलं, "शेठ, काय उतरवू?" भद्रिल म्हणाले, "हे काय विचारणं झालं?" आणि पहिलं पोतं त्यांनी स्वतः उजव्या हातानं पाण्यात लोटलं. माणसांना त्यांच्या किनाऱ्यावर सोडून यायलाच दोन महिने लागले. येली निम्मी वाट झोपूनच होती. उतरताना कोंदानं ती कुऱ्हाड भद्रिलांच्या पायाशी ठेवली. "घेऊन जा, शेठ. तुमच्या गावाला दाखवा."

गलबत शूर्पारकला लागलं तेव्हा गर्दीत सगळ्यांत पुढं कोण असणार? उत्पला.

"भावजी, आधी हात दाखवा!"

"हात आहे, वहिनी. दोन बोटं गेली. तीही डाव्याची."

"आणि सगळी साखर ओतलीत म्हणे?"

"अर्धीच. माणसं तेवढीच होती." त्यांनी कुऱ्हाड पुढं केली. "त्या बेटावर अजून अकरा चरक चालू आहेत."

उत्पलेनं कुऱ्हाड हातात घेतली, धारेत आपलं तोंड पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. उरलेली साखर तिनं घेतली नाही. गावच्या गुळाची खाजी काळपट व्हायची, तीच विकली. दारोदार फिरताना ती प्रत्येकाला विचारू लागली, "तुमची साखर कोणत्या चरकाची हो?" भोचकपणाच तो, पण वर्षभरात सगळं बंदर तेच विचारू लागलं, आणि गोमिकाला उत्तर देणं जड जाऊ लागलं.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांचा मेळ घातला. ते म्हणाले, तेव्हाचा गोमिक म्हणजे सारं दान करून आज संघात आलेला तो मळेवाला. कोंदा आणि येली म्हणजे विहाराची वाट झाडणाऱ्या दोघी बहिणी. उत्पला म्हणजे कथा संपायच्या आत शेजारणीला कोपर मारून पुढचं विचारणारी ही उपासिका. आणि भद्रिल शेठ म्हणजे मीच. मुखात गोड आलं, तर ते कोणाच्या हातून आलं हे विचारावं, आणि उत्तर कळल्यावर आपला हात मागं घेऊ नये. या गुणाचं नाव करुणा.

विहिरीवर मात्र उत्पलेनं गलबत लागलं त्याच दिवशी सांगून टाकलं, "तुम्ही म्हणत होतात त्यातलं अर्धंच खरं गं, बायांनो. पण साखरेच्या जागी माणसं आली, हे खरं तुम्ही सांगितलंच नव्हतं."