उघड्या कोनाड्यातली गूळपापडी

एका गावात, नदीच्या अगदी काठाला, एक आई एकटीच राहत होती. तिला एकच लेक, आणि ती दिली होती नदीपलीकडच्या गावात. आता पलीकडचं गाव म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. वारा तिकडून असला की तिथल्या देवळातली घंटा आईला अंगणात ऐकू यायची. घंटा ऐकू यायची, लेक मात्र दिसायची नाही.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पण तेव्हाच नदी दोन्ही काठ भरून वाहू लागली, नाव सुटेना, आणि नात सासरीच जन्मली. पुढे नदी उतरली. लोक गुडघाभर पाण्यातून ये-जा करू लागले. तरी लेक आली नाही. आईनं अजून नातीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

लेकीला गूळपापडी फार आवडायची. लहानपणी ती बाहेरून धावत यायची आणि हातपाय न धुता थेट कोनाड्यात हात घालायची. म्हणून आई दर बाजाराच्या दिवशी गूळपापडी थापायची आणि वड्या ताटलीत घालून कोनाड्यात उघड्याच ठेवायची. शेजारणी म्हणायच्या, "अहो, डब्यात तरी ठेवा." तर ही म्हणायची, "डबा पाहुण्यांसाठी असतो. माझ्या लेकीनं माझ्याच घरात झाकण उघडून खायचं? छे, छे!"

उघडा गूळ म्हटल्यावर मुंग्या काय आमंत्रणासाठी थांबतात? आधी भिंतीवर रांग लागली. मग पिठाच्या डेऱ्यात मुंग्या, देवाच्या नैवेद्यात मुंग्या, अंथरुणात मुंग्या. त्याही लाल, कडकडून चावणाऱ्या. आईनं झाडूनं लोटून पाहिल्या, पाणी ओतून पाहिलं, हळदीची रेघ ओढून पाहिली. मुंग्या रेघेपाशी यायच्या, जरा थबकायच्या आणि वळसा घालून कोनाडा गाठायच्या. गूळ जिथं होता तिथंच होता, मग त्या तरी कशाला माघार घेतील?

कधीकधी आई भिंतीला टेकून बसायची आणि त्यांच्याशीच बोलायची. "तुम्हाला बरी सापडते गं माझ्या घराची वाट! जिला सापडायला हवी तिला सापडत नाही." एवढं बोलून ती पदरानं डोळे पुसायची. त्या घरात येणारं-जाणारं दुसरं होतं तरी कोण?

एका बाजाराच्या दिवशी मात्र हद्द झाली. आई वड्या थापून पाणी आणायला गेली. परत येऊन बघते, तर अख्खी ताटली लाल झालेली. बोट टेकवायला जागा नाही. आईला रडूच कोसळलं. "आज आली असती तर काय दिलं असतं मी तिला?" असं म्हणत ती तडक बाजारात गेली.

बाजारात एक औषधवाला बसला होता. जीभ त्याची साखरेची आणि माल विषाचा. त्यानं आईच्या हातावर पांढऱ्या भुकटीची पुडी ठेवली.

"भिंतीच्या कडेनं टाका, मावशी. उद्या औषधाला मुंगी सापडायची नाही. फक्त एक सांगा, घरात रांगतं मूल नाही ना?"

आई म्हणाली, "नाही."

हा शब्द तोंडातून गेला खरा, पण घरी येईपर्यंत तो तिच्या काळजात सलत राहिला. कोनाड्याखाली बसून तिनं पुडी सोडली. चिमूट भरली. पण हात काही पुढे जाईना. ही भुकटी इथं पसरायची, म्हणजे या जमिनीवर कधी मूल रांगणार नाही असं आपणच ठरवायचं. मग गूळपापडी थापायची तरी कोणासाठी?

तिनं चिमूट पुडीत सोडली, पुडी बांधली, हात खसाखसा धुतले आणि उलट्या पावली बाजारात जाऊन ती औषधवाल्याला परत केली.

"का हो मावशी, मुंग्या राहू द्यायच्या?"

"राहू देत. माझ्या घरात नात रांगायची आहे."

हे बोलणं शेजारी बसलेल्या कासारणीनं ऐकलं. ती बांगड्या भरायला गावोगाव हिंडायची, नदीपलीकडेही जायची. तिनं टोपली उचलली आणि आईबरोबर घरी आली. कोनाडा पाहिला आणि हसायलाच लागली.

"अगं बाई, एका हातानं पंगत वाढायची आणि दुसऱ्या हातानं काठी उगारायची, असं कुठं असतं का? आधी ती ताटली उचल."

मग तिनं एकेक काम सांगितलं आणि आईनं ते केलं. मुंग्या लागलेल्या वड्या बाहेर चिंचेच्या बुंध्याशी ठेवल्या. लिंबू पाण्यात पिळून त्या पाण्यानं भिंत आणि जमीन पुसली.

"मुंगी वासावर चालते," कासारीण म्हणाली. "नुसती रांग मारून काय उपयोग? मागची त्याच वाटेनं येते. वाटच पुसून टाक."

भिंतीच्या बुडाशी मुंग्यांचं भोक होतं. ते मीठ घातलेल्या ओल्या मातीनं बुजवलं आणि वर हळद दाबली. पिठाच्या डेऱ्याखाली परात ठेवून परातीत पाणी भरलं. सगळं झालं आणि कासारीण म्हणाली, "आता नव्या वड्या थाप, डब्यात घाल, दोन लवंगा टाक आणि झाकण लाव."

झाकण म्हणताच आईचा हात थांबला. "झाकण लावलं की ती पाहुणी झाली."

"लावलं नाहीस म्हणून आली का?"

कासारीण जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझी लेकही तिकडं दारात बसून असते गं. बांगड्या भरताना मला म्हणाली, आई मुराळी धाडील तर आज निघेन. सासू वाईट नाही तिची. पण न्यायला कोणी आल्याशिवाय सून धाडली, तर लोक म्हणतील हाकलून दिली."

"मला मुलगा नाही, पुतण्या नाही," आई म्हणाली. "मुराळी म्हणून धाडू कुणाला?"

"मुंग्यांची रांग इतके दिवस बघितलीस ना? आधी एक कोणीतरी एकटीच जाते. तिनं वाट पाडली की बाकीच्या येतात. तुला पाय नाहीत का?"

आजवर त्या गावात कुठली आई स्वतःच मुराळी होऊन गेली नव्हती. लोक नावं ठेवतील, हे आईलाही ठाऊक होतं. पण तिनं वड्या थापल्या, अर्ध्या डब्यात घालून झाकण लावलं, अर्ध्या पदरात बांधल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि नदीत पाऊल टाकलं.

विहीणबाईंनी दारातच विचारलं, "मुराळी कुठाय?"

"मीच," आई म्हणाली. विहीणबाईंची नजर तिच्या ओल्या पावलांवर गेली आणि त्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, "चल गं, आवर. तुला न्यायला आल्यात."

दुसऱ्या दिवशी लेक माहेरच्या उंबऱ्यातून आत आली. नातीला तिनं खाली सोडलं आणि सवयीनं कोनाड्यात हात घातला. हाताला झाकण लागलं. ती थांबली.

लेकीनं झाकण काढलं, वडी तोंडात कोंबली आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "बरं झालं बाई डबा केलास! लहानपणी मी किती मुंग्या खाल्ल्या असतील, देव जाणे."

आई हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात नात रांगत रांगत भिंतीच्या कडेला पोचली. तिथं बोट बुडवून तिनं ते तोंडात घातलं. आई किंचाळून धावली. नातीची जीभ हळदीनं पिवळी झाली होती आणि मिठानं तिनं तोंड वाकडं केलं होतं, एवढंच. ती पांढरी पुडी आठवून आईनं नातीला पोटाशी घट्ट धरलं.

तात्पर्य: मुंग्या घालवायच्या तर गोड झाकावं आणि त्यांची वाट पुसावी, पण ज्या घरात कोणी यावं असं वाटतं तिथं विष पेरू नये. आणि आपल्या माणसासाठी नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, त्याला आणायला आपणच उठून जावं.