हुंगून दिलेली पाने

पूर्वी शूर्पारक बंदरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पानांचा व्यापार करणाऱ्या एका घरात जन्मास आले होते. पाने म्हणजे काढ्याची पाने. घरामागे वडिलांनी लावलेली झाडे होती. पारिजातक, बेल, जांभूळ, कडुनिंब आणि कुंपणाला अडुळसा. दव ओसरल्यावर पाने खुडायची, कोवळी नाहीत आणि पिवळी तर नाहीतच. सावलीत बोरूच्या चटईवर पसरायची, दिवसातून तीनदा हाताने परतायची, आणि चुरताना कुरकुर वाजू लागली की मगच पोत्यात भरायची. चार वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत मंद आचेवर उकळलेला तो काढा खोकल्याला असा लागू पडे, की गलबतांवरचे तांडेल किनाऱ्याला उतरले की देवळाआधी या दुकानाची वाट धरीत.

पण पानांना एक खोड असते. जराशी ओल राहिली तर पोत्यात ती ऊब धरतात. डोळ्यांना काही दिसत नाही, रंग तोच राहतो. काढा उकळला की वाफेला मात्र कुबट वास येतो, आणि तसला काढा आजाऱ्याच्या पोटात गेला तर त्याचे दुखणे वाढते. म्हणून घरची रीत अशी होती की पोते उघडले की दुकानाच्या पायरीवर, चार माणसांदेखत, मूठभर पाने उकळायची. बोधिसत्त्वांनी वाफ हुंगायची, पहिली वाटी स्वतः प्यायची, मग विक्री. त्यांना वासाची अशी पारख होती की पान कोणत्या झाडाचे आणि सकाळी खुडलेले की दुपारी, हे ते सांगत. बाजारात बसणाऱ्याला ठाऊक असते, लोक माल पाहून घेतात असे आपण म्हणतो खरे, पण बहुतेक वेळा ते माणूस पाहून घेतात.

एका हिवाळ्यात नगरात खोकल्याची साथ आली. घरोघरी म्हातारी माणसे अंथरुणाला खिळली. दुकानापुढे पहाटेपासून लोक उभे राहिले. आणि नेमके त्याच सकाळी बोधिसत्त्वांना पडसे झाले. नाक असे बंद झाले की चंदन आणि शेण यांत त्यांना फरक कळेना.

दुकानात शेवटची आठ पोती होती. धाकटा भाऊ विशाख त्यांना आत घेऊन गेला आणि समजावू लागला, की झाडे आपली, पाने आपली, आजवर एकही पोते वाईट निघालेले नाही. वाफेवर नेहमीसारखे वाकायचे आणि मान हलवायची, एवढेच तर करायचे.

"दादा, कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला.

"मला कळेल ना," बोधिसत्त्व म्हणाले. "लोक माझी मान बघायला येत नाहीत, विशाखा."

ते बाहेर आले आणि पायरीवर उभे राहून त्यांनी सरळ सांगून टाकले, की आज मला वास येत नाही, ही पाने चांगली की वाईट ते मी सांगू शकत नाही. लोक गडबडले. सासऱ्यासाठी पाने न्यायला आलेली कदंबा नावाची कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो श्रेष्ठी, खोकल्याचं औषध विकणाऱ्यालाच पडसं? मग आमचा म्हातारा कोणाच्या भरवशावर ठेवायचा?" सगळे हसले. बोधिसत्त्वही हसले, आणि पायरी उतरून समोरच्या दुकानाकडे चालू लागले.

समोर पिंगलकाचे दुकान होते. तोही पानेच विकत असे, आणि वीस वर्षे बोधिसत्त्वांचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळावे म्हणून त्याने काय काय केले नव्हते? पण वासाची पारख त्यालाही होती, आणि त्या दिवशी त्याचे नाक मोकळे होते.

"पिंगलका, माझी पोती हुंगून दे," बोधिसत्त्व म्हणाले. "तू सांगशील ते मी मानीन."

पिंगलकाला वाटले आपली चेष्टा चालली आहे. पण समोरचा चेहरा शांत होता. तो उठून आला.

चुलीवर मडके चढले. पहिली चार पोती चांगली निघाली, तसे त्याने मनावर दगड ठेवून सांगितले. पाचव्या पोत्याच्या वाफेवर तो वाकला आणि झटक्याने मागे सरला. "ऊब धरलीय," तो म्हणाला. विशाख भडकला. मत्सराने बोलतोय, असे त्याने भर रस्त्यात सुनावले. बोधिसत्त्वांनी ते पोते बाजूला काढले आणि भावाकडे नुसते पाहिले. विशाखाचा आवाज खाली आला. आभाळ भरून आलेल्या दिवशी घाईघाईत एक पोते आपणच ओलसर असताना बांधले होते, हे त्याने कबूल केले.

सहावे चांगले निघाले. सातवेही चांगलेच होते. वाफ स्वच्छ होती, पारिजातकाचा कडसर, मोकळा वास येत होता. पण पिंगलकाने पाहिले की आता आपण म्हणू ते खरे. विशाख तोंड उघडणार नाही, दुसऱ्या कोणाला वास कळत नाही. वीस वर्षांत अशी वेळ आली नव्हती.

"हेही गेलं," तो म्हणाला.

बोधिसत्त्वांनी एकदाही उलटून विचारले नाही. पोते खांद्यावर घेतले आणि ते उकिरड्याकडे निघाले. मागे उभ्या असलेल्यांत कुजबुज झाली, की आता शेवटच्या चार घरांना पाने उरत नाहीत. कदंबा शेवटून दुसरी होती. हातातली रिकामी टोपली तिने उलटी करून डोक्यावर ठेवली आणि घराकडे वळली.

बोधिसत्त्व दहा पावले जाईपर्यंत पिंगलक तसाच पाहत राहिला. मग धावला. त्याने पोत्याला मागून हात घातला.

"थांब," तो म्हणाला. "चांगलं आहे ते. मी खोटं बोललो."

लोक त्याच्यावर ओरडले. एकाने तर पायताण उचलले. बोधिसत्त्व मध्ये उभे राहिले. "गप्प राहून घरी गेला असता तर आपल्यापैकी कोणाला कधी कळलं असतं?" त्यांनी विचारले. "आता मला याच्या शब्दाचा जास्त भरवसा वाटतो." मग त्यांनी त्या पोत्यातल्या काढ्याची पहिली वाटी भरली आणि पिंगलकापुढे धरली. घरच्या रीतीत ती वाटी आजवर परक्याला मिळाली नव्हती. पिंगलकाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि उभ्या उभ्या प्यायली. आठवे पोते त्याने हुंगले, आणि त्यावर कोणी शंका काढली नाही. कदंबाला हाक मारून परत बोलावले गेले.

ही हकीकत सांगून शास्ता भगवान बुद्ध जेतवन विहारात जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "आजाऱ्यांच्या कुटीत काढा उकळणारा आपला सुबंधक त्या वेळी पिंगलक होता. पाने वाळवताना घाई करणारा वप्पिल हा विशाख होता, आणि विहाराला टोपलीभर पाने आणून देणारी उपासिका रेणुका ही कदंबा होती. पानांचा तो व्यापारी मीच होतो. जाणतो ते सांगणे सोपे असते, भिक्षूंनो. जाणत नाही ते चार माणसांत सांगणे, ही सत्याची परिपूर्णता, ही सत्यपारमिता."