गळणाऱ्या शिंगांची धमकी

फार पूर्वी टेंभुर्णीच्या रानात तेजशृंग नावाचा चितळ कळपावर राज्य करत होता. तेव्हा बोधिसत्त्व त्याच कळपात जन्मले होते. त्यांचं एक शिंग मोडलेलं, म्हणून सगळे त्यांना मोडशिंग्याच म्हणायचे. कळपाचा निरोप्या तोच.

वर झाडावर वानरांची टोळी होती, तिचा म्होरक्या काळतोंड्या. वाघ दिसला की वानर वरून ‘खॅक’ करून ओरडायचे, ओढ्यापलीकडून मोरही साद द्यायचा. त्यामुळे चितळ निवांत, मान खाली घालून चरायचे.

त्या उन्हाळ्यात तेजशृंगाची शिंगं भलतीच वाढली आणि डोक्यात हवा गेली.

“सांग त्या माकडांना,” तो म्हणाला. “पिकली फळं आधी आम्हाला टाकायची. नाहीतर शिंगांनी झाडांची सालं सोलून काढीन. झाडं वाळली की बसा बोंबलत!”

मोडशिंग्या म्हणाला, “महाराज, ती आपली माणसं. आणि शिंगं तर भादव्यात गळतात.”

“तुझं आधीच गेलंय, म्हणून जळतोस होय रे?”

निरोप गेला. काळतोंड्यानं पोट खाजवत ऐकून घेतला. “इतकी वर्षं घसा फाडून ओरडलो, त्याचं हे बक्षीस?” एवढंच बोलला. फळं पडायला लागली. मोरानंही सगळं ऐकलं. तो मुकाट्यानं दुसऱ्या रानात निघून गेला.

“बघितलंस?” राजा खूश.

एका दुपारी वर ‘खॅक! खॅक!’ झालं.

“खोटं ओरडतायत!” राजा म्हणाला. “आपण पळालो की फळं त्यांनाच. कुणी हलायचं नाही!”

कुणी हललं नाही. वाघानं कळपातल्या ठिपकी नावाच्या हरिणीला उचललं. तिचं पाडस तिथंच उभं राहिलं.

“ओरडून उपयोग काय?” काळतोंड्या म्हणाला, आणि झाडं गप्प झाली.

ती शांतता फार वाईट. पान वाजलं की पळा. घास तोंडात, कान मागे. मान खाली घालायची कुणाची छाती होईना. फासळ्या दिसायला लागल्या. त्यातच भादवा आला आणि राजाची दोन्ही शिंगं गळून पडली.

“मोडशिंग्या, जा रे बाबा. काहीतरी बोल त्यांच्याशी,” राजा म्हणाला.

मोडशिंग्या झाडाखाली गेला. बोलला काहीच नाही. मान खाली घातली आणि चरायला लागला.

वर चिडीचूप. मागं गवत सरकलं. पण त्यानं मान वर केली नाही. गवत आणखी जवळ सरकलं.

“खॅक!”

त्यानं उडी मारली. वाघाचा पंजा नुसता शेपटीला लागला.

“मूर्खा, मेला असतास की!” काळतोंड्या वरून खेकसला.

“तुम्ही होतात की, दादा.”

दुसऱ्या दिवसापासून वानर पुन्हा ओरडायला लागले. पण त्यानंतर कितीतरी दिवस, हाक आली की चितळ आधी वर बघायचे, खरी आहे का म्हणून. मग पळायचे.

भिक्खूंना सांगत असलेली ही गोष्ट संपवून भगवान म्हणाले, “तेव्हाचा तेजशृंग म्हणजे आजचा देवदत्त. काळतोंड्या म्हणजे आपला आनंद. मोडशिंग्या मीच होतो. मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता म्हणतात ती ही.”

एका भिक्खूनं विचारलं, “भंते, आणि मोर?”

भगवान म्हणाले, “तो परत आलाच नाही.”